हॉस्पिटलमध्ये सेवा करायचीय, पण नेमकं करायचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी आमच्या ग्रुपबद्दल थोडं लिहिलं होतं. आम्ही काही बायका, आणि आता चार काका पण, नवी मुंबईतल्या एका पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ठरलेल्या वारी ओपीडीबाहेर टेबल टाकून बसतो, केस पेपर काढायला मदत करतो, खोली दाखवतो, फॉर्म भरून देतो, बस एवढंच लिहिलं होतं. त्यावर ठाण्यातून, कळव्यातून, ऐरोली-नेरूळमधून इतकी पत्रं आणि मेसेज आले की संपादकांनी हा अख्खा कॉलम त्यालाच दिला. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला होते. तिथल्या गावच्या हॉस्पिटलमध्ये गुलाबी जाकीट घातलेल्या सत्तरीच्या बायका व्हीलचेअर ढकलत होत्या, खाली भेटवस्तूंचं छोटं दुकान चालवत होत्या आणि पगार एक पैसा नाही. मुलगी म्हणाली, ही हॉस्पिटलची ऑक्झिलिअरी. हे सुरू कसं झालं? आपल्याकडे असं काही कधी होतं का? (एक आजी, सीवूड्स)

आजी, तुम्ही नेमक्या योग्य राज्यात जाऊन आलात! सांगते का ते.

ऑक्झिलिअरी म्हणजे हॉस्पिटलला जोडलेलं पण हॉस्पिटलच्या पगारावर नसलेलं गावातल्या लोकांचं मंडळ, सुरुवातीला बहुतेक बायकांचंच. चादरी शिवायच्या, बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायच्या, घरचे पदार्थ आणि जुन्या वस्तू विकून पैसे जमवायचे आणि त्या पैशातून हॉस्पिटलला एखादं मशीन नाहीतर खुर्च्या घेऊन द्यायच्या, असं ते काम. तुम्ही बघितलेलं दुकान त्याचाच भाग, त्याचा नफा हॉस्पिटललाच जातो. पहिल्या महायुद्धात १९१८ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलमध्ये रेडक्रॉसच्या बायका जखमी सैनिकांना पत्रं लिहून द्यायला, वाचून दाखवायला, नुसतं शेजारी बसायला जायला लागल्या. त्यांचे कपडे करड्या रंगाचे, म्हणून सैनिक त्यांना ग्रे लेडीज म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. मग १९४४ मध्ये तुमच्या मुलीच्याच न्यू जर्सीत, ईस्ट ऑरेंज गावातल्या हॉस्पिटलमध्ये शाळेतल्या मुली मदतीला आल्या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे एप्रन त्यांनी स्वतःच शिवले होते आणि तिथे मिळणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या गोळ्यांवरून लोक त्यांना कँडी स्ट्रायपर म्हणायला लागले. पुढे अमेरिकाभर हेच नाव झालं.

इंग्लंडमध्ये गोष्ट जरा वेगळी. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ साली मेरी स्टुअर्ट नावाच्या बाईंना नेमलं, पद होतं आल्मोनर. फुकट उपचाराला येणाऱ्यांची चौकशी करायची, कोण पैसे देऊ शकतो, कोणाला खरंच मदत लागणार ते बघायचं. म्हणजे नेमलं होतं खर्च वाचवायला, पण चौकशी करता करता पेशंटच्या घरची अवस्था समोर यायला लागली आणि त्यातूनच पुढे हॉस्पिटलातलं समाजकार्य हा एक पेशा उभा राहिला. मला ही गोष्ट फार आवडते. माणसाला चार प्रश्न नीट विचारले, की पुढची मदत काय करायची ते त्याच्या उत्तरांतूनच कळतं.

आता आपल्याकडचं. आजी, आपल्याकडे होतं हो, नुसतं नाव वेगळं होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आजारी लोकांना स्वतः उचलून डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. रमाबाई रानडे पुण्यात हॉस्पिटलमधल्या पेशंटना भेटायला नेमाने जायच्या, फळं, फुलं, पुस्तकं घेऊन. पुस्तकं! पडून असलेल्या माणसाचा दिवस किती मोठा असतो हे त्यांना बरोब्बर कळलं होतं. त्यांच्याच सेवासदनाने पुढे बायकांना नर्सिंग शिकायची वाट करून दिली. गाडगेबाबांनी तर पेशंटबरोबर आलेल्या माणसाने झोपायचं कुठे हा प्रश्न धरला. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत अजूनही गावाकडून आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. आणि लीला मुळगावकर हे नाव तर प्रत्येक मराठी घरात माहीत असायला पाहिजे असं मला वाटतं. रक्त तेव्हा बहुतेक पैसे देऊन विकत घेतलं जायचं, त्या काळात, पन्नासच्या दशकात, मुंबईत या बाईंनी लोकांना स्वखुशीने रक्त द्यायला तयार केलं, शिबिरं भरवली. १९६३ ला पद्मश्री मिळाली. पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात पूर्ण बंद व्हायला १ जानेवारी १९९८ उजाडावा लागला, म्हणजे त्या किती आधी निघाल्या होत्या बघा.

पगारी माणूस आला तो १९४६ ला, मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये, देशातला पहिला मेडिकल सोशल वर्कर. टाटांची समाजकार्याची संस्था १९३६ मध्येच निघाली होती, तिथे शिकलेली माणसं मग हॉस्पिटलांमध्ये यायला लागली. आज सरकारी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक अशी पाटी दिसते ना, ते हेच पद. पण एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला ही माणसं मूठभर, आणि त्यांच्या दारापर्यंत पेशंट पोचतच नाही कारण असं दार आहे हेच त्याला माहीत नसतं. तिथे आपलं काम सुरू होतं.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, नुकतीच निवृत्त झाले, घर कळव्यात. मला हॉस्पिटलमध्ये काहीतरी करायचंय पण मेडिकलचं काही येत नाही. मी गेले आणि अडगळ झाले तर? नक्की काय काम असतं ते जरा खुलून सांगाल का?

खुलून सांगते, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त आलाय.

मेडिकलचं येत नाही हे चांगलंच आहे. ज्याला थोडंफार येतं तो सल्ले द्यायला लागतो आणि तिथेच गडबड होते. आपलं काम औषधाचं नाहीच. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असतात, सिस्टर असतात, मामा-मावश्या असतात, सगळ्यांना आपापलं काम डोक्यावर आहे, पण एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंतचं जे अंतर आहे ते कोणाचंच काम नाही, आणि पेशंट हरवतो तो नेमका तिथेच.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. शहापूरच्या बाजूचे एक आजोबा, त्यांना शुगर तपासायला उपाशी पोटी यायला सांगितलं होतं. पहाटे घरातून निघाले, आसनगावला गाडी पकडली, ठाण्याला बदलली, उपाशीच आमच्याकडे पोचले. रक्त घेतलं. मग सांगितलं की दोन तासांनी परत या. आजोबा बाकावर बसले दोन तास. साडेअकराला माझं लक्ष गेलं, चेहरा पडलेला, हात थरथरतायत, म्हटलं आजोबा काही खाल्लं का, तर म्हणाले, नाही बाई, उपाशीच राहायला सांगितलंय ना. दुसरं रक्त हे जेवल्यानंतर दोन तासांनी घ्यायचं असतं, पहिलं रक्त दिल्याबरोबर खायचं आणि तिथून दोन तास मोजायचे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण त्या गर्दीत ऐकू गेलं नसेल. तसंच रक्त दिलं असतं तर रिपोर्टचा काही अर्थ राहिला नसता आणि आजोबा चक्कर येऊन पडले असते ते वेगळंच. लॅबवाल्या दादांचीही चूक म्हणता येत नाही, त्यांच्यापुढे रांग दरवाजाच्या बाहेर गेलेली असते. त्या दिवसापासून लॅबच्या बाहेर आमची एक जण उभी राहते. रक्त देऊन आलेल्या प्रत्येकाला विचारते, आता खायचंय ना तुम्हाला, चला, किती वाजले, आणि दोन तासांनंतरची वेळ मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून देते. एवढंच काम. यात मेडिकल काय आहे सांगा.

अशी कामं बसल्यावरच दिसतात. आमच्या टेबलावर तीन-चार चष्मे असतात, दीड, दोन, अडीच नंबरचे, कारण चष्मा घरी विसरून आलेल्या माणसाला केस पेपरवरचा खोली नंबर पण वाचता येत नाही. वेगवेगळ्या पिनांचे चार्जर असतात, आतला पेशंट आणि बाहेरचा नातेवाईक यांच्यातला एकुलता एक दुवा म्हणजे तो मोबाईल आणि दोन दिवसांनी तो बंद पडलेला असतो. धुतलेल्या कपड्यांची एक पेटी आहे. अपघाताच्या पेशंटचे कपडे कापून काढावे लागतात आणि डिस्चार्जच्या दिवशी तो माणूस घरी काय घालून जाणार हा विचार कोणाच्या डोक्यात आलेला नसतो. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर मुरबाडवरून आलेल्या बाईने परत एसटी, मग कल्याणहून लोकल, असा फेरा का मारायचा, तिची चिठ्ठी आम्ही ठेवून घेतो, ऑफिसच्या परवानगीने रिपोर्ट घेतो आणि तिला फोन करतो, पुढची तारीख असेल त्याच दिवशी ये, रिपोर्ट इथे आहे. ठाण्याचं सिव्हिल जुन्या जागेवरून मनोरुग्णालयाजवळ हलवलं तेव्हा कितीतरी लोक आधी टेंभी नाक्याला जाऊन मग विचारत विचारत तिकडे पोचत होते, शहापूर-मुरबाडच्या माणसाला काय ठाऊक हॉस्पिटल हललंय म्हणून. अशा वेळी जुन्या गेटवर हातात पाटी घेऊन उभा असलेला एक माणूस सुद्धा केवढी मोठी सेवा करतो.

अडगळ कधी होते ते पण सांगते, कारण ते मी केलंय. पहिल्याच महिन्यात सर्जरीच्या वॉर्डमध्ये एका मावशींनी चहा मागितला, बिचाऱ्या सकाळपासून तशाच पडल्या होत्या, मला कळवळा आला आणि मी माझ्या थर्मासमधला अर्धा कप दिला. त्यांचं त्या दिवशी ऑपरेशन होतं. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं, दुधाचा चहा म्हणजे जेवणासारखाच धरतात, सहा तास जावे लागतात, नाहीतर भुलेत उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं, ते अजून आठवतं. त्यानंतर आमचा नियमच आहे की सिस्टरला विचारल्याशिवाय पाण्याचा घोट पण द्यायचा नाही. पेशंटला उचलायचं नाही, कॉटवरून व्हीलचेअरवर घ्यायचं काम मामांचं, आपण खुर्चीचा ब्रेक धरायचा. हात धुवायचे, वॉर्डमध्ये जाताना आणि निघताना, साबणाने चाळीस सेकंद ते मिनिटभर. हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेऊन ठेवायचे, पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. आणि कोणती गोळी चांगली, कोणता डॉक्टर चांगला, आमच्या वहिनींना अमक्या काढ्याने कसा फरक पडला, हे तोंडातून काढायचं नाही.

कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल तुमच्या जवळच आहे, पण हॉस्पिटल कुठलंही असो, एकदम जाऊन उभ्या राहू नका. आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यांच्यामार्फत लेखी अर्ज द्या, कुठे बसणार, कोणत्या वारी, किती ते किती, सगळं लिहून. आणि मग जो वार लिहिलाय तो पाळा. माझं सगळं म्हणणं या एका वारावर येऊन थांबतं. उत्साहाने रोज येणारी बाई तिसऱ्या महिन्यात यायची बंद होते हे मी खूपदा बघितलंय, आणि दर मंगळवारी दहा ते एक येणारी बाई, पाऊस असो, मेगाब्लॉक असो, तिच्यासाठी वर्षभराने सिस्टर स्वतःहून खुर्ची काढून ठेवतात आणि म्हणतात, काकू, त्या सात नंबरच्या बाईकडे जरा बघा ना, दोन दिवस कोणी आलेलं नाही. त्या एका वाक्यासाठी वर्ष लागतं. घाई करून ते मिळत नाही.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, सेकंड इयरला आहे. एनएसएसचे तास भरायचेत. हॉस्पिटलमध्ये केलं तर चालेल का, आणि सर्टिफिकेट मिळेल का?

चालेल, पण आधी तुझ्या प्रोग्राम ऑफिसरला विचार, त्यांनी पत्र दिलं की हॉस्पिटल पण ऐकून घेतं. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास असतात ना, त्यातले हवे तेवढे इथे कर, पण दोन-तीन दिवसांत दाबून भरू नकोस. आठवड्यातून एक सकाळ, सहा महिने. तुझ्या वयाच्या मुलांचा आम्हाला मोठा उपयोग असतो, ऑनलाईन नोंदणी, मोबाईलवर आलेला ओटीपी, यात आम्ही अडकतो आणि तुम्ही दोन मिनिटांत मोकळे होता. आणि तुमच्याशी पेशंटची मुलं बोलतात, आमच्याशी नाही बोलत.

दुसरं एक काम सांगते, ते तुझ्याच हातात आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्त कमी पडतं, कारण कॉलेजं बंद, शिबिरं बंद, लोक गावाला गेलेले. थॅलेसेमियाच्या पोरांना, म्हणजे ज्यांच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही त्यांना, सुट्टी नसते, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढं असेल तर मुलगा दर तीन महिन्यांनी आणि मुलगी दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिनाला, सगळेच शिबिर घेतात. तू मित्रांची एक यादी कर, ब्लड ग्रुप आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख लिहून, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाच-पाच जणांना ब्लड बँकेत घेऊन जा. सर्टिफिकेट मिळेल रे, ते मिळतंच.

प्रश्न : माझे वडील ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते. कोणाचा तरी वाढदिवस म्हणून दहा-बारा लोक वॉर्डमध्ये आले, प्रत्येक पेशंटच्या हातात केळी दिली, फोटो काढले. संध्याकाळी तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. बाबांनी आजारपण कोणाला सांगितलं नव्हतं. मी चिडलो तर लोक म्हणतात सेवाच केली ना. माझं चुकलं का?

अजिबात नाही. अंगात हॉस्पिटलचा गाऊन, नाकात नळी, केस विस्कटलेले, अशा माणसाचा फोटो त्याला न विचारता काढणं चूकच आहे आणि विचारून काढला तरी मला पटत नाही, कारण कॉटवर पडलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, त्याला वाटतं नाही म्हटलं तर हॉस्पिटलवाले रागावतील. आमच्या ग्रुपमध्ये वॉर्डच्या आत मोबाईल पर्समध्ये राहतो.

केळ्यांचं पण बोलते. ज्याच्या किडन्या कमी काम करतात त्याला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, केळं आणि शहाळं दोन्हीत ते भरपूर असतं, आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायबेटिसवाल्याचं वेगळं, ऑपरेशनवाल्याचं वेगळं. म्हणजे सरसकट सगळ्यांना एक फळ वाटणं हे प्रेमाने केलेलं असलं तरी धोक्याचं आहे. ज्यांना वाढदिवसाला खरंच काही द्यायचंय त्यांनी आधी सिस्टर इन्चार्जना विचारावं काय कमी आहे. उत्तर बहुतेक वेळा फळं नसतं. बेडपॅन, बादल्या, मच्छरदाण्या, मोठ्या माणसांचे डायपर, वॉर्डबाहेरच्या पंख्याची दुरुस्ती, अशी ती यादी असते. एका गृहस्थांनी आम्हाला मुलाच्या वाढदिवसाला नातेवाईकांना बसायला बाकडी दिली. पहिल्या पावसाळ्यात लोक जमिनीवरच्या ओलीतून वर उठून बसले, तेव्हा मला त्या माणसाला सांगावंसं वाटलं की तुमच्या मुलाचा वाढदिवस इथे रोज होतो.

प्रश्न : आम्हा मैत्रिणींकडे थोडे पैसे जमलेत. गरीब पेशंटला रोख द्यावेत का? संस्था रजिस्टर करावी का? (वाशी)

रोख नको. कोणालाच नको. ज्याला दिले नाहीत तो दुखावतो आणि हळूहळू टेबलाजवळ गरज नसलेलेच जमायला लागतात. चिठ्ठीवरचं औषध स्वतः आणा, पावती चिकटवा. दोन वर्षं वहीवर नीट चाललं, माणसं टिकली, तर मग सात जणींनी मिळून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा, त्याआधी कागदपत्रांच्या मागे लागू नका. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वस्तू डिपॉझिट घेऊन घरी वापरायला देणं हे सुरुवातीला फार छान काम आहे, एक वॉकर वर्षात कितीतरी घरं फिरतो. फक्त परत आल्यावर धुऊन, स्क्रू तपासून ठेवणारी एक खमकी बाई हवी.

प्रश्न : सासऱ्यांना अचानक मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. आधी डिपॉझिट भरा म्हणाले. नंतर कोणीतरी सांगितलं की अशा ठिकाणी गरिबांसाठी बेड राखीव असतात. हे खरं आहे का? तुमच्यासारखे लोक यात मदत करतात का? (घोडबंदर रोड)

खरं आहे, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक मंगळसूत्र गहाण टाकतात, म्हणून नीट वाचा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलांना महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ४१ क-क असं कलम आहे, इंग्रजीत ते ४१ एए, आणि मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये त्याची योजना पक्की केली. १० टक्के बेड निर्धनांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. यासाठी हॉस्पिटलने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नाहीतर रेशन कार्ड लागतं. आणि इमर्जन्सी असेल तर डिपॉझिटसाठी अडवता येत नाही, आधी जीव वाचवायचे उपचार, मग बाकीचं. तिथल्या सोशल वर्करला भेटायचंय असं काउंटरवर स्पष्ट म्हणा, आम्ही गरीब आहोत एवढंच म्हणून थांबू नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजना ही वेगळी, त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात आणि योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. पहिल्याच दिवशी तिथे जा, डिस्चार्जच्या दिवशी नको, तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्यासारखे लोक यात एवढंच करतात, रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघतो. एकावर सुरेखा आणि दुसऱ्यावर माहेरचं नाव, असल्या फरकावर फाईल दोन-दोन दिवस अडकते, आणि ते दोन दिवस पेशंटला परवडणारे नसतात.

प्रश्न : ताई, मी कोपरीला राहते. दोन वर्षं डायलिसिसच्या वॉर्डमध्ये दर बुधवारी जात होते. तिथली एक मुलगी, एकवीस वर्षांची, माझी वाट बघायची, आम्ही मिळून शब्दकोडं सोडवायचो. ती गेली. दीड महिना झाला, माझं पाऊल त्या जिन्यावर पडत नाही. मी कमजोर आहे का? सोडून द्यावं का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

डायलिसिसचं नातं वेगळंच असतं. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं तीच माणसं, तेच बेड, घरच्यांशी बोलत नसतील एवढं तिथे बोलणं होतं. त्यात एक बेड रिकामा झाला तर ते घरातलं माणूस गेल्यासारखंच असतं आणि तरी तुम्हाला कोणी भेटायला आलं नाही, कारण लोकांच्या मते ती तुमची कोणी नव्हती. दुःख करायला नातं सांगावं लागत नाही हो. तुम्ही कमजोर नाही आहात.

मला हे उशिरा कळलं की मरण जवळ आलेल्या पेशंटजवळ बसायचं शिकावं लागतं. केरळात कोझिकोडला १९९३ पासून डॉक्टरांनी वेदनाशामक सेवा सुरू केली आणि पुढे मलप्पुरममधल्या गावागावात साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना रीतसर शिकवून पेशंटच्या घरी पाठवलं, काय बोलायचं, कधी गप्प बसायचं, आणि घरी गेल्यावर स्वतःला कसं सांभाळायचं हे पण शिकवलं. आपल्या मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, जिथे बरे न होणारे कॅन्सरचे पेशंट शेवटपर्यंत सांभाळतात. हे काम करणारे सगळे आपसात बोलतात, एकट्याने मनात धरून बसत नाहीत. तुमच्या ग्रुपमध्ये तसं कोणी विचारलं नसेल तर तो ग्रुपचा दोष आहे, तुमचा नाही.

आमच्याकडे असं झालं की त्या बाईला आम्ही महिनाभर वॉर्डमध्ये पाठवत नाही, खाली चष्म्याच्या टेबलावर बसवतो आणि शेजारी एक जण मुद्दाम असते. पहिल्या दिवशी नुसता चहा पिऊन परत गेली तरी चालतं. तुम्हीही त्या जिन्यावर जाऊ नका इतक्यात, खालीच बसा. पण वार बुधवारच ठेवा, शक्य असेल तर. वरचे बाकीचे पेशंट तुम्हाला ओळखतात, त्या मुलीच्या शेजारच्या बेडवरच्या माणसांनाही तिचं जाणं लागलंय, आणि तिच्याबद्दल बोलायला त्यांना पण कोणीतरी हवंय. शब्दकोड्याचं पुस्तक तुमच्याकडेच राहिलं असेल तर ते टाकू नका. अर्धवट राहिलेलं पान असेल तर त्या दिवशी बरोबर न्या, कोणीतरी विचारेल, आडवा शब्द किती अक्षरी आहे म्हणून.